सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांस तीन पत्रे : ऐतिहासिक साधन म्हणून एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणावर जे आक्षेप घेण्यात आले, त्यांतील एक आक्षेप थेट पत्रलेखनाशी निगडित होता. मुलीला अक्षरओळख झाली की ती परपुरुषाला चिठ्ठ्या लिहू लागेल व घराण्याची अब्रू धोक्यात येईल, अशी भीती त्या काळी उघडपणे बोलून दाखविली जात असे. स्त्रीने लिहावे काय, हा प्रश्न अशा रीतीने ग्रंथलेखनापर्यंत पोहोचण्याआधी साध्या चिठ्ठीपाशीच अडलेला होता. या पार्श्वभूमीवर पुण्यातील मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या सावित्रीबाई फुले (१८३१-१८९७) यांनी आपल्या पतीस लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध असावीत, ही गोष्ट लक्षणीय होय. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, दुसरे २९ ऑगस्ट १८६८ चे व तिसरे २० एप्रिल १८७७ चे आहे. एकवीस वर्षांच्या कालावधीतील ही अवघी तीन पत्रे. परंतु या तिन्हींचा विषय घरप्रपंच नाही.

सावित्रीबाईंच्या कार्याचा उल्लेख करताना 'जोतीरावांच्या सहधर्मचारिणी' व 'त्यांच्या कार्यात साथ देणाऱ्या' असे शब्दप्रयोग रूढ झाले आहेत. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहेत. तिन्ही पत्रे लिहिली गेली तेव्हा सावित्रीबाई पुण्याबाहेर होत्या आणि जोतीराव त्यांच्याजवळ नव्हते. त्यामुळे पतीच्या अनुपस्थितीत सावित्रीबाई काय करीत होत्या, कोणाशी वाद घालीत होत्या व कोणते निर्णय घेत होत्या, हे त्यांच्याच शब्दांत कळण्याचे साधन म्हणजे ही पत्रे. प्रस्तुत लेखात या पत्रांचे याच दृष्टीने वाचन केले आहे. त्याचबरोबर ही पत्रे कोणत्या विधानांना आधार देऊ शकतात व कोणत्या नाही, याचीही छाननी केली आहे.

साधनांचे स्वरूप

ही पत्रे अभ्यासकांच्या हाती प्रामुख्याने डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथातून आली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. १८५४ चा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह, जोतीरावांच्या निधनानंतरचे 'बावनकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य, भाषणे आणि ही पत्रे एकत्र आल्यामुळे 'लेखिका सावित्रीबाई' हा विषय विद्यापीठीय अभ्यासात स्थिरावला. म्हणजे पत्रांच्या लेखनापासून या संकलित आवृत्तीपर्यंत शंभराहून अधिक वर्षांचा काळ लोटला होता.

हे अंतर समजून घेण्यासाठी समकालीन दोन स्त्रियांच्या पत्रव्यवहाराशी तुलना उपयुक्त ठरते. पंडिता रमाबाई यांचा इंग्लंडमधील धर्मभगिनींशी झालेला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला, त्याचे संकलन केले, पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांचा उपयोग कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मधील आपल्या चरित्रग्रंथात केला. आनंदीबाईंच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. या दोघींची पत्रे ज्यांच्या हाती पडली त्यांच्याकडे कागद जपण्याची सवय होती, संस्थांची दप्तरे होती, छापखान्याशी संबंध होता. सावित्रीबाईंची पत्रे मात्र पुण्यातील गंज पेठेतल्या एका घराकडे जात होती. जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले, सावित्रीबाईंचे १० मार्च १८९७ रोजी. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या पश्चात कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली व राहते घरही विकले गेले. अशा घरातील कागद टिकत नाहीत. महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या इतिहासाची साधने विरळ का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा याच साध्या गोष्टीत सापडते. त्यासाठी कोणाच्या कटाची कल्पना करावी लागत नाही.

तेव्हा छापील संहितेवर विसंबताना अंतर्गत पुराव्याची तपासणी करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. 'सत्यशोधक' कार्यकर्त्यांचा निर्देश केवळ १८७७ च्या पत्रात येतो. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची असल्याने हे कालक्रमाला धरून आहे. १८६८ च्या पत्रात खुनाच्या संदर्भात इंग्रजी कायद्याचा धाक दाखविल्याचा प्रसंग आहे. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली होती व तिचा बोलबाला गावोगाव पोहोचू लागला होता. १८५६ च्या पत्रात जोतीरावांच्या सरकारी सत्काराचे स्मरण दिले आहे. हा सत्कार १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात झाला होता. असे दुवे पत्रांच्या विश्वसनीयतेला बळ देतात.

पत्राचा मायना आणि मजकूर

तिन्ही पत्रांची सुरुवात जोतीरावांना सत्याचे रूप मानणाऱ्या संबोधनाने व सावित्रीच्या साष्टांग नमस्काराने होते. आजच्या वाचकाला, विशेषतः स्त्री-पुरुष समतेच्या दृष्टीने वाचणाऱ्याला, हा मायना खटकण्याचा संभव आहे. समतेचा पुरस्कार करणारी स्त्री पतीला स्वामी म्हणते, त्याला देवासमान मानते, हे कसे? याचे एक उत्तर असे की मायना हा त्या काळच्या पत्रलेखनाचा ठरलेला साचा होता व वडीलधाऱ्यांना वा पतीला लिहिताना तो मोडला जात नसे. परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. मायन्याखालील मजकूर पाहिला असता दिसून येते की, या पत्रांत पतीची परवानगी कोठेही मागितलेली नाही. काय करावे, असा प्रश्न विचारलेला नाही. जे घडले व त्यावर जे केले, ते कळविले आहे. १८६८ मध्ये दोन माणसांचे प्राण वाचवून झाल्यावर त्यांना पाठवीत असल्याचे लिहिले आहे. १८७७ मध्ये कलेक्टरशी बोलणे होऊन गेल्यावर त्याचा वृत्तांत दिला आहे. नम्रता मायन्यात आहे आणि मजकूर एका कार्यकर्त्याने दुसऱ्या कार्यकर्त्यास द्यावा तसा अहवाल आहे. पत्रांचे हे वैशिष्ट्य ध्यानात न घेता केवळ मायन्यावरून सावित्रीबाईंना 'पतिव्रता' ठरविणारे लेखन मराठीत थोडेथोडके नाही.

१८५६ : माहेरच्या घरातील वाद

पहिले पत्र आजारपणातील आहे. सावित्रीबाई प्रकृती सुधारण्यासाठी माहेरी आल्या होत्या. भावाने मनापासून शुश्रूषा केली, आता बरे वाटत आहे, पूर्ण बरे वाटताच पुण्यास येईन, काळजी करू नये, असा प्रारंभीचा मजकूर आहे. त्यानंतर पत्र वेगळेच वळण घेते. ज्या भावाने सेवा केली त्याच भावाने एके दिवशी बहिणीला सुनावले की, तुम्ही दोघे महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुमच्यावर बहिष्कार पडला तो योग्यच आहे. तुमच्यामुळे कुळाला बट्टा लागतो. जातीच्या रूढीप्रमाणे व ब्राह्मण सांगतील तसे वागावे.

येथे विरोधक पुण्यातील शेणगोळे मारणारा कोणी अनामिक नाही. तो सख्खा भाऊ आहे व मनाने प्रेमळ आहे. सावित्रीबाईंनी हे दोन्ही प्रामाणिकपणे नोंदविले आहे. त्यांनी त्याला दिलेले उत्तर तर्कशुद्ध आहे. गाय-शेळीला तू हात लावतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाचा विटाळ का? आणि सोवळ्यातला ब्राह्मण तुझाही विटाळ मानतो, तेव्हा त्याच्या लेखी तू आणि महार यांत फरक कोणता? हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जातिव्यवस्थेत मधल्या पायरीवर असलेल्या शेतकरी जातीला आपल्या खालच्या पायरीची जाणीव असते. वरच्या पायरीची जाणीव करून देणे हे फुले दांपत्याच्या प्रबोधनाचे मर्म होते. जोतीरावांनी ते पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) विस्ताराने मांडले. सावित्रीबाई ते १८५६ मध्ये घरच्या ओसरीवर मांडताना दिसतात.

भाऊ निरुत्तर झाला, परंतु त्याची खरी अडचण मग बाहेर आली. लोक तुला शिव्या देतात, त्रास देतात, ते मला सहन होत नाही, असे तो म्हणाला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात वैचारिक विरोधाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण नातेवाइकांचा विरोध अनेकदा असा मायेपोटी येतो व म्हणूनच तो अधिक अवघड असतो, हे दाखविणारे पुरावे थोडे आहेत. या वादात आईची भूमिकाही नोंदविण्याजोगी आहे. तिने मुलाला फटकारले नाही, देवाने दिलेली जीभ अशी वापरू नये, एवढीच समज दिली. शिक्षण न घेतलेल्या त्या स्त्रीला मुलीच्या कामाचे मोल कळले होते, असे या उल्लेखावरून म्हणता येते.

फातिमांचा उल्लेख

याच पत्रात एक लहानसे वाक्य आहे आणि त्यावर अलीकडे मोठा वाद उभा राहिला. आपल्या गैरहजेरीमुळे फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती समजून घेईल, कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य होय. फातिमा शेख यांना पहिल्या मुस्लिम शिक्षिका म्हणून गौरविले जाते. परंतु जानेवारी २०२५ मध्ये त्या अस्तित्वातच नव्हत्या, ही व्यक्ती कल्पित आहे, असा दावा समाजमाध्यमांवर करण्यात आला व त्याची देशभर चर्चा झाली. वादाच्या दोन्ही बाजूंनी आवाज मोठा होता, पण मूळ पत्र वाचून बोलणारे त्या मानाने कमी होते, हे खेदाने म्हणावे लागते.

पत्रातील हा उल्लेख नेमके काय सिद्ध करतो? ऑक्टोबर १८५६ मध्ये फातिमा नावाची एक स्त्री पुण्यात सावित्रीबाईंची सहकारी होती. सावित्रीबाई नसताना कामाचा भार तिच्यावर येत होता, म्हणजे ती केवळ मदतनीस नसून भार पेलू शकेल अशी जबाबदार व्यक्ती होती. आणि सावित्रीबाईंना तिच्या स्वभावाची खात्री होती. एखाद्या मागून रचलेल्या गौरवकथेत असा उल्लेख आला असता तर तो याहून ठळक व अलंकारिक झाला असता. येथे तो चुलीवरचे दूध पाहायला सांगावे इतक्या सहजतेने आला आहे. पत्रातील असे आनुषंगिक उल्लेख इतिहासाच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय मानले जातात, कारण लिहिणाऱ्याला त्यातून काही सिद्ध करावयाचे नसते. फातिमांचे अस्तित्व नाकारणाऱ्याला प्रथम हे पत्र बाजूला सारावे लागेल, आणि तसे करण्यासाठी पटणारे कारण द्यावे लागेल.

तथापि दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. या पत्रात फातिमांचे आडनाव नाही, जन्मतारीख नाही, त्यांनी कोठे शिक्षण घेतले याची माहिती नाही. गंज पेठेतील उस्मान शेख यांनी फुले दांपत्यास आसरा दिला व फातिमा त्यांच्या भगिनी होत, हा वृत्तांत चरित्रग्रंथांतून येतो. पत्रातील एका वाक्यावर संपूर्ण जीवनचरित्राचा डोलारा उभारला की तो पाडण्याचे निमित्त आयतेच मिळते. फातिमांविषयी आदर बाळगणाऱ्यांनीही पुराव्याची मर्यादा ओलांडू नये. त्यांचे स्थान त्या एका वाक्यानेही पुरेसे भक्कम होते.

१८६८ : नायगावचा प्रसंग

दुसरे पत्र सर्वांत लहान असून त्यातील घटना सर्वांत भीषण आहे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा पेट्यातील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. तेथे गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगून पोट भरत असे. त्याचा व शारजा नावाच्या महार समाजातील मुलीचा प्रेमसंबंध जुळला व ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे उघड झाले. संतप्त लोकांनी दोघांना पकडून गावातून मारत मिरवत नेले, त्यांना जिवे मारण्याचा बेत होता. हे कळताच सावित्रीबाई धावत गेल्या व खून केल्यास इंग्रजी कायद्याने काय परिणाम होतील, हे लोकांना बजावले. जमाव वरमला. दोघांनी गाव सोडून जावे, असे अखेर ठरले व त्यांनी ते मान्य केले. सावित्रीबाईंनी त्यांचे सांत्वन केले आणि जोतीरावांकडे पुण्यास पाठविण्याचे ठरविले.

या प्रसंगात सावित्रीबाईंनी जमावाला धर्म वा नीती सांगितली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८५६ मध्ये भावाशी त्यांनी युक्तिवाद केला, कारण तेथे वेळ होता व माया होती. १८६८ मध्ये समोर जमाव होता. तेथे उपयोगी पडणारे एकच हत्यार त्यांनी वापरले, ते म्हणजे फाशीची भीती. इंग्रजी राजवटीचे मूल्यमापन करताना फुले दांपत्याला 'इंग्रजधार्जिणे' म्हणण्याचा प्रघात एके काळी होता. नायगावच्या त्या चव्हाट्यावर गरोदर शारजाच्या दृष्टीने इंग्रजी कायद्याचा अर्थ काय होता, याचा विचार त्या टीकाकारांनी क्वचितच केला.

जोतीरावांकडे या दोघांना पाठविणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. फुले दांपत्याने पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. तेथे फसलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता येत असे. पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. सहा महिन्यांच्या गरोदर स्त्रीला ज्या एका घरात जात न विचारता ठेवून घेतले जाईल ते घर आपलेच आहे, हे सावित्रीबाईंना ठाऊक होते. म्हणूनच पत्रात विनंती नाही; दोघांना पाठवीत आहे, एवढेच आहे.

१८७७ : ओतूरहून दुष्काळाचा वृत्तांत

तिसरे पत्र पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून लिहिलेले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दृष्टीने ते सर्वांत जवळचे आहे. ओतूर कल्याण-नगर मार्गावर आहे आणि या पत्रात जोतीरावांना साताऱ्याहून ओतूरला येऊन मग नगरकडे जावे, असे सुचविलेले आहे. सावित्रीबाई येथे पतीचा दौरा आखून देत आहेत. नगरशी फुले दांपत्याचा संबंध जुनाच होता. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या नगर येथील मुलींच्या शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे जोतीरावांनी १८५३ मध्ये 'ज्ञानोदय'मधून सांगितले होते. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार नमूद करतात.

१८७६ च्या पावसाळ्याने दगा दिल्यानंतर दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला, त्याचे वर्णन सरकारी अहवालांत मुख्यतः आकड्यांच्या रूपात आढळते : किती मजूर, किती मैल रस्ता, किती रुपये खर्च. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामांवरील पुरुष मजुराचे वेतन एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतके खाली आणण्यात आले. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली व पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. या पत्राच्या वेळी हे सारे ताजे होते. सावित्रीबाई लिहितात ते मात्र डोळ्यांनी पाहिलेले आहे. नद्यानाले आटले आहेत, झाडांना पान नाही, जमिनीला भेगा पडल्या आहेत, गुरे मरून पडत आहेत, लोक विषारी फळे खात आहेत, तहानेने स्वतःचे मूत्र पीत आहेत, पोटची मुले व तरुण मुली विकून गाव सोडत आहेत. मुली विकल्या जात असल्याची नोंद एका स्त्रीच्या नजरेने केली आहे, हे विसरता येत नाही. अशा बाबी सरकारी तक्त्यांच्या रकान्यांत बसत नाहीत.

वर्णनानंतर संघटनेचा तपशील येतो. सत्यशोधकांनी मदतीसाठी समित्या नेमल्या आहेत, पथके केली आहेत. ओतूरची डुंबरे पाटील मंडळी जोतीरावांच्या भेटीस येऊ इच्छितात. रावबहादूर कृष्णाजीपंत व लक्ष्मणशास्त्री यांनी दुष्काळी भागात सावित्रीबाईंबरोबर फिरून पैशाची मदत दिली, असेही त्या कळवितात. सत्यशोधक चळवळीवर ब्राह्मणद्वेषाचा आरोप करणाऱ्यांनी हा उल्लेख लक्षपूर्वक वाचावा. १८५६ मध्ये ब्राह्मणांच्या शिकवणुकीवर कठोर टीका करणाऱ्या सावित्रीबाई १८७७ मध्ये मदत करणाऱ्या शास्त्र्याचे नाव कृतज्ञतेने घेतात. त्यांचा विरोध कशाला होता, हे यावरून समजते.

पत्राचा गाभा मात्र सावकार व कलेक्टर यांच्या संबंधातील आहे. सावकार दुष्काळाचा फायदा उठवीत होते, त्यातून दंगे उसळले. कलेक्टर गोऱ्या पोलिसांसह आला व पन्नास सत्यशोधकांना पकडण्यात आले. मदतकार्य करणाऱ्यांना दंगेखोर समजण्यामागे नजीकचा इतिहास होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांची खतपत्रे जाळण्यापासून सुरू झालेले दख्खनचे दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले होते. नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, कर्जत या तालुक्यांना त्यांची झळ लागली होती. त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. चार शेतकरी एकत्र जमले की सरकारी यंत्रणेला सुपे आठवावे, अशी स्थिती होती.

कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावणे पाठविले. चांगल्या कार्यकर्त्यांना खोट्या आरोपांखाली का पकडले, त्यांना तत्काळ सोडा, असे त्यांनी त्याला सांगितले. कलेक्टर सज्जन व निःपक्षपाती असल्याचे त्या लिहितात. त्याने गोऱ्या शिपायांना खडसावले, पाटलांसारखे शेतकरी काय दरोडे घालतील, म्हणून सर्वांना सोडावयास लावले आणि लोकांची दैना ऐकून ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) वाचणाऱ्याला हा प्रसंग विशेष अर्थपूर्ण वाटेल. गोरे अधिकारी आळशी व ऐषारामी असून ते सर्वस्वी ब्राह्मण कामगारांच्या डोळ्यांनी पाहतात, त्यामुळे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ही त्या ग्रंथातील प्रमुख तक्रार आहे. ओतूरमध्ये सहा वर्षे अगोदर शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कारकुनाला वगळून कलेक्टरपर्यंत पोहोचले होते व ते पोहोचविणारी एक स्त्री होती. 'असूडा'च्या विवेचनामागे जोतीरावांचा स्वतःचा अनुभव होताच. परंतु त्यांच्याकडे येणाऱ्या माहितीचा एक मार्ग सावित्रीबाईंच्या अशा पत्रांतून जात होता, असे मानण्यास हे पत्र सबळ आधार देते. जोतीरावांच्या ग्रंथांचे संदर्भ शोधणाऱ्या अभ्यासकांनी या मार्गाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पत्राच्या अखेरीस सावित्रीबाई म्हणतात की, आपण आरंभिलेल्या या कल्याणकारी कामाचा काही भार आपणही उचलू इच्छितो. चार गाड्या ज्वारी मिळवून व पन्नास माणसे सोडवून झाल्यावरचे हे वाक्य आहे.

पुढील महिन्यात, मे १८७७ मध्ये, सत्यशोधक समाजातर्फे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी धनकवडी येथे चालविलेल्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी मदतीचे जाहीर आवाहन जोतीरावांच्या नावे प्रसिद्ध झाले. आवाहन त्यांच्या सहीचे आहे, म्हणून इतिहासग्रंथांत त्यांच्या नावावर जमा आहे. ओतूरचे पत्र त्याच्या आधी काही आठवडे लिहिले गेले, ही तारखांची जुळणी पाहता बालाश्रमाच्या कल्पनेत सावित्रीबाईंच्या वृत्तांताचा वाटा असणे स्वाभाविक वाटते. याच दुष्काळात नगर जिल्ह्यातील हजारो हात धोंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर लागले होते. १८७८ मध्ये ही रेल्वे सुरू झाली. कोपरगावचे स्थानक याच मार्गावर आहे.

१८७७ नंतरचे सावित्रीबाईंचे जोतीरावांस लिहिलेले पत्र या संग्रहात नाही. १८९० नंतर तर पत्र ज्याला लिहावयाचे तोच राहिला नव्हता. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतांनी हडपसरजवळील सासणेमळ्यात दवाखाना उघडला व सावित्रीबाई रुग्णांना तेथे पोहोचवू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले, तो वाचला आणि सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली. हा वृत्तांत इतरांनी सांगितला म्हणून कळतो.